'कुड हॅव' म्हणजे फक्त हुकलेली संधी? त्या मोडलच्या तक्त्यातलं काय काय चुकलंय

व्हॉट्सअ‍ॅपवर पालकांच्या आणि बारावीच्या ग्रुपवर इंग्लिशच्या मोडलचा, म्हणजे कॅन, मे, कुड असल्या सहाय्यक क्रियापदांचा, एक तक्ता फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय, कॅन म्हणजे १०० टक्के खात्री, मे म्हणजे ५०, माईट म्हणजे ३०. कुड हा कॅनचा पास्ट. कुड हॅव, शुड हॅव, वुड हॅव तिघांचा अर्थ एकच, संधी हुकली. आणि ही-शी-इट असेल तर हॅवचं हॅज करा.

मी गुहागर तालुक्यात संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांचं इंग्लिश घेते. हा तक्ता पाठ करून आलेल्या पोरांना पुन्हा शिकवणं जास्त कठीण जातं, कारण नियम आपल्याला येतो अशी त्यांची खात्री असते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते टक्के. 'इट मे रेन टुनाईट' आणि 'इट माईट रेन टुनाईट' यात रोजच्या बोलण्यात जवळजवळ फरक नाही, मे जरा औपचारिक, बोलताना माईट जास्त, काहींना माईट किंचित कमी खात्रीचं वाटतं, बस एवढंच. ५० आणि ३० हे आकडे एखाद्या व्याकरणात ढोबळ अंदाज म्हणून दिसतील, पण तो नियम नव्हे. पण खरी चूक कॅनला वर बसवण्यात आहे. 'इट कॅन रेन इन मे' हे बरोबर, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे पाऊस पडतो कधी कधी, वळवाची सर येते, असा एकूण स्वभाव सांगितला. पण आज रात्रीबद्दल बोलायचं असेल तर 'इट कॅन रेन टुनाईट' असं इंग्लिश बोलणारा माणूस म्हणत नाही, तिथे मे, माईट नाहीतर कुड. आपली मुलं कॅन लिहितात कारण मराठीत दोन्हीकडे 'पडू शकतो' चालतं. आणि खात्रीच दाखवायची असेल तर त्याला मस्ट आहे, 'दॅट मस्ट बी द मांडवी', मांडवी एक्स्प्रेसच असणार. उलट खात्री असेल तर 'दॅट कान्ट बी द मांडवी', ती असूच शकत नाही. तक्त्यात मस्ट आणि कान्ट दोन्ही नाहीत.

दुसरं, कुड हा कॅनचा पास्ट. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच फसवं आहे. 'माय ग्रँडफादर कुड स्विम अक्रॉस द क्रीक', आजोबांना खाडी पोहून जाता यायची, इथे कुड अगदी बरोबर. पण काल धावत जाऊन दाभोळ-धोपावे फेरीबोट पकडली, हे 'यस्टरडे वुई कुड कॅच द फेरी' असं नाही होत! एकदाच घडलेली, जमून गेलेली गोष्ट असेल तर 'वुई वर एबल टु कॅच', 'वुई मॅनेज्ड टु कॅच', किंवा सरळ 'वुई कॉट द फेरी'. नकारात मात्र 'वुई कुडन्ट कॅच द फेरी' चालतं, आणि दिसणं-ऐकू येणं असेल तर होकारातही चालतं, 'आय कुड सी द लाइटहाऊस'. शिवाय कुड नेहमी पास्ट असतो असंही नाही, 'इट कुड रेन टुनाईट' हे पुढचंच आहे.

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

कुड हॅव म्हणजे नेहमी हुकलेली संधी नाही. 'ही कुड हॅव मिस्ड द फेरी' या एकाच वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, पोरगा अजून आला नाही, फेरी चुकली असेल. दोन, थोडक्यात वाचला, आणखी उशीर झाला असता तर फेरी चुकली असती. आपल्या मराठीत 'असेल' आणि 'असती' हा फरक क्रियापदातच आहे, पाचवीतलं पोर पण चुकत नाही त्यात, पण इंग्लिशमधे तो पुढच्या-मागच्या वाक्यावरून कळतो. माईट हॅवचंही तसंच, दोन्ही अर्थ. मे हॅवचा मात्र मुख्य अर्थ पहिला, म्हणजे काय झालं ते अजून माहीत नाही.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ घ्या. अंदाजात मुंबईचं पण नाव होतं, शेवटी ते रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. 'इट कुड हॅव हिट मुंबई', मुंबईवर आदळू शकलं असतं, आदळलं नाही. इथे कुठली संधी हुकली? संकट टळलं. आणि याच ठिकाणी 'इट मे हॅव हिट मुंबई' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की मुंबईचं काय झालं ते अजून कळलेलंच नाही. पेपरात मे हॅव असं वापरलेलं दिसतं कधी कधी, पण परीक्षेत मुलांनी कुड हॅव किंवा माईट हॅवच लिहावं.

आणि तिघांचा अर्थ एक तर अजिबात नाही. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडा पडला, फवारणी राहिली. 'वुई शुड हॅव स्प्रेड', फवारायला हवं होतं, म्हणजे काम आपलं होतं आणि आपण केलं नाही. 'वुई कुड हॅव स्प्रेड', फवारता आलं असतं, पंप होता औषध होतं, पण करायलाच हवं होतं असं त्यात नाही. 'वुई वुड हॅव स्प्रेड', फवारलंच असतं, पण काहीतरी आड आलं, आणि ते काय ते पुढे इफ किंवा बट लावून सांगावं लागतं. एकात चूक मान्य, एकात नुसती शक्यता, एकात अट. नोकरीच्या मेलमधे यातलं एक दुसऱ्याच्या जागी गेलं तर जबाबदारीच बदलते.

नकारात तर हे आणखी जपायला हवं. आपल्या रत्नागिरी-रायगडची कितीतरी मुलं जहाजावर जातात आणि तिथे अपघाताचा रिपोर्ट इंग्लिशमधे लिहायचा असतो. 'द लुकआउट माईट नॉट हॅव सीन द बोट' म्हणजे पहाऱ्यावरच्याने कदाचित होडी पाहिली नसेल, संशय त्याच्यावर. 'द लुकआउट कुडन्ट हॅव सीन द बोट' म्हणजे त्याला ती दिसणं शक्यच नव्हतं, तो सुटला. एका शब्दात माणूस अडकतो किंवा सुटतो, आणि तक्ता सांगतो की सगळं एकच!

राहिलं ते हॅज. मोडलच्या पुढे क्रियापद मूळ रूपातच येतं, ही असो शी असो की दे, 'शी कुड हॅव गॉन', 'इट माईट हॅव रेन्ड'. हॅज कधीच नाही. याला अपवादही नाही. आणि ऐकताना 'कुडव्ह' असं ऐकू येतं म्हणून काही जण हॅवच्या जागी ऑफ लिहितात, तेही चूक.

ज्यांच्या ग्रुपवर तो तक्ता अजून आहे त्यांनी कृपा करून काढा, निदान हॅजवाली ओळ तरी आजच खोडा. आणि मुलांना सराव द्यायचाच असेल तर आधी वाक्य मराठीत म्हणायला लावा, 'गेला असेल', 'गेला असता', 'जाऊ शकला असता', 'जायला हवं होतं', 'जाणं शक्यच नव्हतं', यातलं नक्की काय म्हणायचंय ते ठरलं की मगच इंग्लिशचा मोडल निवडू दे.