बॅटरीवर चालणारा पायाळू

परवा रात्री साडेदहाला धाकट्या मामांचा फोन आला. "तुला जुन्या नाण्यांतलं कळतं म्हणून विचारतो. १ लाख ८० हजारांचं मशीन १ लाख १० हजारांना देतोय. घेऊ का?" मामांचं शेत वेल्ह्याकडे आहे, बांधावर उभं राहिलं की राजगड दिसतो. फोन ठेवेपर्यंत तो फॉरवर्डही येऊन पडला: 'शिवकालीन नाणी व गुप्तधन शोधण्याचे मशीन कसे निवडाल? ७ खात्रीशीर टिप्स.' वर मावळ्याचं चित्र आणि खाली 'प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा'. पोहोचलाय की. सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा, शाळेच्या ग्रुपवर एकदा, आणि आता मामांपर्यंत. म्हणून हे लिहितोय. तुमचेही कोणी मामा असतील तर त्यांना पाठवा.

क्रमाने जात नाही. आधी चौथी टीप, कारण मामांचे पैसे तिच्यातच बुडणार होते. 'लाँग रेंज मशीनवर सोन्याची फ्रिक्वेन्सी सेट करा. १ किलोमीटरवरून अँटेना आपोआप सोन्याकडे वळते.'

सोन्याची फ्रिक्वेन्सी नावाची चीज नसते. जमिनीतलं सोनं मुकाट पडून असतं, ते काहीही प्रक्षेपित करत नाही. खरा मेटल डिटेक्टर काय करतो, तर खालच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरी कॉइल पकडते. म्हणजे धातूला आधी हटकावं लागतं, मग तो कण्हतो. आणि हे कण्हणं फार लवकर विरतं. कॉइलच्या आकाराहून खोली वाढली की क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं, तेही जाताना आणि येताना. खोली दुप्पट झाली की उत्तर सुमारे ६४ पट क्षीण. चांगल्या नेहमीच्या मशीनला नाण्याएवढी वस्तू २०-३० सेंटिमीटरवर कळते. दुसरी टीप मोठ्या कॉइलने '२० फूट' खोलवरचं शोधते, ते घ्या: ३० सेंटिमीटरच्या वीसपट खोल, म्हणजे उत्तर ६ कोटी ४० लाख पट क्षीण. एक किलोमीटरचा हिशेब मी करत बसलो नाही.

मग ती अँटेना वळते कशी? मनगटाने. मोकळी फिरणारी काडी मुठीत धरली की हात नकळत तिरपा होतो आणि काडी झुकते. आपल्याकडे यात नवं काय आहे? पायाकडून जन्मलेल्याला, पायाळूला, जमिनीतलं धन दिसतं म्हणून त्याला रानोमाळ फिरवायचेच. या गुप्तधनाच्या नादाने इतके अघोरी प्रकार झाले की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत त्यासाठीच्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. आता पायाळूला बॅटरी बसवलीय, एवढाच फरक.

हसून सोडून देण्याची गोष्ट नाही ही. एडीई ६५१ नावाचं असंच एक यंत्र होतं, प्लॅस्टिकची मूठ आणि पुढे फिरती अँटेना. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ते बॉम्ब शोधणारं यंत्र म्हणून इराकला कोट्यवधी डॉलरना विकलं. मूळ कल्पना गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या, वीसेक डॉलरच्या खेळण्याची. जी कार्डं घातली की यंत्र स्फोटकं 'ओळखतं' म्हणायचे, त्यांतलं एक बीबीसीने केंब्रिजच्या प्रयोगशाळेत उघडून पाहायला लावलं. आत निघाली दुकानातल्या कपड्यांना चोरी होऊ नये म्हणून लावतात तसली पट्टी. तोवर बगदादच्या नाक्यांवर सैनिक हेच हातात धरून गाड्या तपासत होते आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या आत जात होत्या. २०१३ मध्ये मॅकॉर्मिकला १० वर्षांची शिक्षा झाली. बॉम्बच्या जागी 'सोनं' लिहा, की मामांचं मशीन तयार.

मी मामांना म्हटलं, "मशीन विकणारा येईल तेव्हा अंगणात पाच मडकी पालथी घाला, एकाखाली मामीची पाटली ठेवा. दहा वेळा जागा बदला आणि दहाही वेळा ओळखून दाखवायला सांगा." मामांनी त्याला लगेच विचारलं. उत्तर आलं, "ताजं सोनं दाखवत नाही, निदान शंभर वर्षं जमिनीत मुरलेलं लागतं." मुरलेलं! सोनं म्हणजे काय कैरीचं लोणचं आहे?

तिसरी टीप: 'स्क्रीनवर गोल्ड आलं की बिनधास्त खोदा.' स्क्रीनवरचा आकडा धातूचं नाव सांगत नाही. विद्युतवाहकता, आकार, जाडी या सगळ्यांची मिळून आलेली ती खिचडी असते. सोन्याची अंगठी आणि कॅनची अॅल्युमिनियमची कडी बऱ्याचदा एकाच आकड्यावर बसतात. त्यातून आपली जमीन बेसॉल्टची, त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला लागणारं लोहखनिज. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा आवाज वगळणं, नीट जमलं नाही तर मशीन दगडांशीच गप्पा मारत बसतं. रविवारी एका मित्राचं साधं व्हीएलएफ, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन घेऊन मामांच्याच शेतात गेलो. माझ्याकडची एक शिवराई, म्हणजे तांब्याचं जुनं नाणं, वीतभर खोल पुरली: आवाज आला, पण आकडा नाचत होता. हातभर खोल पुरली: सामसूम. दोन तासांत इतर मिळकत काय, तर बैलगाडीचे खिळे, ट्रॅक्टरचा नट आणि बिअरची सात बुचं. बुचांबद्दल मामांनी धाकट्या मामेभावाकडे पाहिलं, तो डोंगराकडे पाहू लागला.

दुसऱ्या टिपेतलं 'मोठी कॉइल घ्या, खोल जाते' हे मात्र अर्धं खरं, मान्य करतो. मोठ्या वस्तूसाठी जाते. एकटं लहान नाणं मात्र मोठ्या कॉइलला उलट हुकतं, आणि खिळ्यांच्या गर्दीत ती गोंधळते. हरवलेली अंगठी आपल्याच अंगणात शोधायची असेल तर ग्राउंड बॅलन्स असलेलं साधं मशीन, लहान कॉइल आणि खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा पिनपॉइंटर पुरे. सातातली कामाची टीप एवढीच, तीही मला दुरुस्त करून द्यावी लागली.

आता दुसरा राग. पहिली टीप म्हणते, 'पावसाळ्यानंतर गडांवर नाणी वर येतात, मशीन घेऊन जा.' येतात, खरंय. म्हणून उकरायची? राजगड, शिवनेरी, लोहगड हे पुणे जिल्ह्यातले तिन्ही गड जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. संरक्षित स्मारकाला इजा केली तर केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याचा १९६० चा कायदा वेगळा. पण कायदा बाजूला ठेवा, दायमाबाद आठवा. १९७४ मध्ये प्रवरेकाठी झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार कांस्यशिल्पं सापडली, सगळी मिळून ६० किलोंहून जास्त. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. पण ती उत्खननात, आपल्या थरातून निघाली नाहीत, म्हणून त्यांचा काळ कोणता यावर अभ्यासक आजही वाद घालतात. ही तर मोठी, डोळ्यांत भरणारी शिल्पं. थरातून उपटलेल्या एका शिवराईची काय कथा? ती उरते तांब्याची चकती.

आणि त्या चकतीला 'किमान ५ लाख' ही सहावी टीप. पेशवाईतही पाडल्या जात होत्या हो शिवराया! साधी झिजलेली शिवराई नाण्यांच्या बाजारात काही शेकड्यांत मिळते. दुर्मीळ आहे तो सोन्याचा होन. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलात तर 'शिवकालीन' म्हणून नवी कोरी, घासून काळी केलेली नाणीही दिसतील. ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून खपवलेली रामदरबाराची नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत.

'आपल्या शेतात सापडलं ते आपलं, कोणाला सांगू नका.' हे सर्वांत घातक वाक्य सातव्या टिपेत आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवली तर वाटा गेला, वर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड. गंमत म्हणजे कळवणाऱ्याशी हा कायदा बराच उदार आहे. निधी बेवारस ठरला तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, उरलेलं जागामालकाला. सरकारने तो घ्यायचा ठरवला तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. शेत मामांचं, फावडंही मामांचं. म्हणजे गप्प बसून मामा फक्त तुरुंग कमावणार होते.

इंग्लंडमध्ये लोक मशीन घेऊन फिरतात ही पाचवी टीप खरी आहे. तिथेही जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी बंदी आहे आणि निधी सापडला की कळवावाच लागतो. तेवढं फॉरवर्डमधून बरोबर गळलंय.

मामांनी मडक्यांची अट कायम ठेवली, तेव्हापासून मशीन विकणारा फोन उचलत नाही. वाचलेल्या पैशांत मामा बोअर घेणार आहेत. जागा दाखवायला गुरुवारी पाणाड्या येतोय, तळहातावर नारळ घेऊन.