एगचं बेट आणि आमचा ७०० फुटी बोअर

समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा गिरगावच्या चौपाटीवरून. तरी गेले दोन महिने बेटांबद्दल सापडेल ते वाचतोय. बायको विचारते, "केज तालुक्यात कुठलं बेट सापडलं तुम्हाला?" म्हटलं, मे महिन्यात आपलं गावच की! चारी बाजूंनी पाण्याऐवजी फुफाटा, एवढाच काय तो फरक. दुपारी टँकर येऊन विहिरीत पाईप सोडतो, आणि पाणी गढूळ व्हायच्या आत पोहरा टाकायला सगळी आळी कठड्यावर वाकलेली असते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरला पाणी पाजणारं मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावला. धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण आमच्याकडं कुणी पुस्तकातून शिकत नाही.

तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचं बेट आहे. माणसं किती, तर आमच्या एका भावकीच्या लग्नाला येतात त्याहून कमी. अख्खं बेट एकेका मालकाच्या नावावर असायचं, आणि मालक बदलला की रहिवाशांचं नशीब बदलायचं. १९९७ साली लोकांनी देणग्या गोळा करून ते विकत घेतलं, सुमारे १५ लाख पौंडांना. त्यातला मोठा वाटा एका निनावी देणगीदाराचा होता, हेही सांगायला हवं, नाहीतर 'लोकांनी मनावर घेतलं की सगळं होतं' असं भाषण व्हायचं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ज्या न्यासाकडं बेट आलं त्यात तीन भागीदार: रहिवासी, हायलँड कौन्सिल म्हणजे तिथलं स्थानिक सरकार, आणि निसर्गरक्षणाचं काम करणारी एक संस्था. सरकार बाहेरून पाहणीला येत नाही, आतच बसतं.

२००८ साली त्यांनी स्वतःची वीज सुरू केली. ओढ्याचं पाणी, वारा आणि ऊन, शिवाय अडीनडीला डिझेल. आणि नियम असा, की एका घरानं एका वेळी ५ किलोवॅटच्या वर वीज खेचायची नाही. धंदा असेल तर १०. वर गेलात की तुमचा पुरवठा तुटला. म्हणजे वॉशिंग मशीन चालू असताना किटली लावायची की नाही, हे घरोघर ठरवावं लागतं. जेवढं आहे तेवढंच आहे, हे तिथं रोज स्वयंपाकघरात कळतं.

आता आमची समिती ऐका. गावात पाणलोट समिती आहे आणि मी तिचा सदस्य आहे, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. रजिस्टर समोर आलं. म्हटलं, बैठक कधी झाली? "झाली समजा की. तुमची एकट्याचीच राहिलीय, करा सही." आणि मी केली. हो, केली. समोर चहा होता, आणि पेन दुसऱ्याच्या हातात ताटकळत होतं. अशा कागदी समित्यांनाच आपल्याकडं लोकसहभाग म्हणतात.

कायदा नाही असं नाही. भूजलाचा २००९ चा कायदा आहे, अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल नवीन विहिरीला त्यात मनाई आहे. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट. माझा तिसरा बोअर ७०० फूट. तमिळनाडूच्या नंबरप्लेटची गाडी रात्रभर घरघरत होती, सकाळी अंगणातल्या तुळशीवर पिठासारखी पांढरी भुकटी. पाणाड्याच्या तळहातावर नारळ मात्र ताठ उभा राहिला होता! आपल्या खाली काळा बसाल्ट. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल गेलं की भेटलं तर जुनं साठलेलं, तेही शेजाऱ्याच्या भेगेतून ओढलेलं. शेजारी मग ९०० ला जातो.

बेटावरच्या माणसाला किनारा दिसतो, म्हणून तो मोजतो. आपली हद्द जमिनीखाली आहे, म्हणून आपण ती नाहीच असं धरून चालतो. मित्र म्हणतो, "अरे, ती शंभरेक माणसं, इथं दोन पार्ट्या आणि मध्ये ऊस." बरोबर आहे त्याचं. पण डेन्मार्कच्या साम्सो बेटावर तर हजारोंची वस्ती, तिथल्या पवनचक्क्यांमध्ये शेतकऱ्यांचे आणि गावकऱ्यांचे शेअर आहेत. पवनचक्क्या आमच्याही जिल्ह्यात माळामाळावर फिरतात, पण आमच्या नावावर त्यातलं एक पातंही नाही. तेव्हा अडचण लोकसंख्येची नाही, मालकी कुणाची आणि मोजमाप कुणाकडं, याची आहे. ऊस कुणी किती लावायचा हे कारखान्याच्या नोंदीवरून ठरतं, विहिरीतलं पाणी बघून नाही. पाण्याचा हिशेब करायच्या बैठकीला तलाठी, कृषी सहायक, कारखान्याचा माणूस आणि टँकरखाली उभी राहणारी बाई एकत्र बसल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

सोमवारी ग्रामसभा आहे. गावातल्या प्रत्येक बोअरला मीटर बसवायचा ठराव मांडतोय, सुरुवात माझ्या बोअरपासून. काल रात्री आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसव की. पर त्याच्या आदी एकदा मोटार लावून टाकी भरून घे."