खालची केबिन गळ्यात मारली नव्हती, विचार करून दिली होती

नमस्कार सर,

मुंबई-गोवा क्रूझबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. वहिनींना आणि छोट्याला बोट लागली, दोन दिवस उलट्यांत गेले, त्याबद्दल मनापासून माफी मागते. पहिल्या रात्री तुम्ही माझ्या केबिनला तीनदा फोन लावलात आणि मी तिथे नव्हते. ग्रुपमधल्या एका आजींपाशी बसले होते, तुमच्याकडे यायला दीड तास गेला. ती चूक माझी आहे.

पण "खालच्या मजल्यावरची गोल खिडकीची स्वस्त केबिन गळ्यात मारली आणि मधले पैसे खाल्ले" हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. डोंबिवलीत सहली काढायचं आमचं एका खोलीचं ऑफिस आहे, मी आणि मदतीला एक मुलगी. असं वाक्य वाचलं की नवीन माणूस फोनसुद्धा करत नाही.

बुकिंगच्या दिवशी तुम्ही दोघं आला होतात. तुम्हाला बाल्कनी हवी होती, तसे पैसेही भरलेत. निघता निघता वहिनी म्हणाल्या, "मला खंडाळ्याच्या घाटातसुद्धा गाडी लागते हो, बोटीवर काय होईल?" तेव्हा मीच तुम्हाला परत बसवलं आणि कॅलेंडरच्या मागे जहाज काढून दाखवलं. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर वर-खाली होतं, मधल्या खुंटीपाशी जवळजवळ काहीच हलत नाही. जहाजाचंही तसंच आहे. पाण्याजवळचे मजले आणि लांबीच्या बरोबर मधला भाग सगळ्यात कमी हलतो. बाल्कनीची जी एकच केबिन शिल्लक होती ती नवव्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला होती. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, त्यांनी डावीउजवीकडचं डोलणं कमी होतं, पण समोरून लाट आली की पुढचं टोक उचलून आपटतं, त्याला ते पंख फारसं काही करू शकत नाहीत. म्हणून तुमच्या संमतीनेच मधली, खालची केबिन घेतली. भाड्यातला फरक माणशी ४,२०० रुपये होता, तिघांचे १२,६०० त्याच संध्याकाळी तुमच्या खात्यात परत केले. तुमचा अंगठ्याचा इमोजी माझ्या फोनमध्ये अजून आहे. सर, मधले पैसे खाणारी बाई असं करते का?

तारखांचंही सांगते. मी जानेवारी सुचवला होता. मेअखेरीस पाऊस जवळ आलेला असतो, समुद्र फुगायला लागतो. जानेवारीत छोट्याची शाळा होती, हे मला समजतं, माझीही मुलं शाळेत होती. पण समुद्र खवळला तो माझ्या हातात नव्हता.

"कोणी काही सांगितलं नाही" असंही लिहिलंत. निघायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकला होता की गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी, जहाज सुटण्यापूर्वी घ्यायची असते, लहान मुलांची डॉक्टरांना विचारूनच द्या, पोट रिकामं ठेवू नका आणि गच्चही भरू नका. तुम्ही गोळी रात्री उलट्या सुरू झाल्यावर दिलीत, ती पोटात टिकलीच नाही. छोट्याने बुफेत छोले-भटुरे आणि वर दोन आईस्क्रीम खाल्ली होती. मी आले तेव्हा वहिनी पडदा ओढून मोबाईलवर फोटो बघत पडल्या होत्या. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात समोरचं सगळं स्थिर आहे, आणि या भांडणातच मळमळ वाढते. हे मी दोष द्यायला लिहित नाही, कुणालाही सुचत नाही त्या वेळी. पण पुढे जाणाऱ्यांना तरी कळावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वहिनींना हाताला धरून उघड्या डेकवर, मधोमध आणून बसवलं. धुराड्याचा वास येणार नाही अशा बाजूला. "खाली बघू नका, फोन बघू नका, ती लांबची क्षितिजाची रेघ बघत राहा" म्हटलं. हातात आल्याची वडी आणि दोन मारी बिस्किटं दिली, पाणी घोटाघोटाने. अर्ध्या तासात त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्या म्हणाल्या, "ताई, आता चहा मिळेल का?" मुरगावला जहाज लागलं तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. तुमच्या रिव्ह्यूमध्ये हे कुठेच नाही, याचं जास्त लागलं.

माझी चूक एवढी की तो मेसेज आधार कार्ड, रिपोर्टिंगची वेळ, बॅगांचे टॅग या सगळ्यात तळाला गेला होता. आता बोट लागण्याचं वेगळं पाठवेन, शक्य झालं तर फोनही करेन. रात्री हाकेला अजून एक माणूस सोबत न्यायचंही बघते आहे.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, त्रास तुम्हाला झालाय. फक्त पैसे खाल्ल्याचं ते एक वाक्य तेवढं बदला, बँकेची नोंद तुमच्याकडेही असेलच. वहिनींना माझा नमस्कार सांगा, छोट्याची तब्येत कशी आहे तेही कळवा.