पन्नासला पन्नास

दुकानात प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाला मिळायचं, हा प्रकार मला नवा नाही. पण परवा बुधवार पेठेत त्याचा कळस झाला आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

प्रकरण साधं होतं. समोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर उठला, आमच्या गॅलरीतलं ऊन गेलं, मेथी-मिरचीनं माना टाकल्या. म्हणून झाडांसाठी घरीच दिवा करायचं ठरवलं. पन्नास वॅटची पांढरी सीओबी चिप, म्हणजे एकाच पाटीवर दाटीनं बसवलेले बारीक एलईडी, हातात होती: ३० ते ३४ व्होल्ट, १५०० मिलिअँपिअर. तिला बेताचा करंट पुरवणारी डबी, म्हणजे ड्रायव्हर हवा, म्हणून पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेले. गणपती तोंडावर. रस्ताभर लायटिंगच्या माळा आणि त्या माळांखाली अख्खं पुणे.

"कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर हवाय," मी म्हटलं. "१५०० मिलिअँपिअर, आउटपुट साधारण २४ ते ४० व्होल्ट."

दुकानदारानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या उजवीकडे दारावरच्या बेलसाठी सेल घ्यायला आलेल्या काकांना विचारलं, "किती वॅट?"

काका माझ्याकडे वळले. "किती वॅट हो?"

"पन्नास."

"पन्नास म्हणतायत," काकांनी दुकानदाराला कळवलं.

आम्ही तिघंही मराठीच बोलत होतो.

काउंटरवर एक डबी आली. त्यावर लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं: ५० वॅट, ६०० मिलिअँपिअर, ५४ ते ९० व्होल्ट. "हा नाही चालणार."

"पन्नासला पन्नास आहे," दुकानदार काकांना म्हणाला. "आता आणखी काय पत्रिका बघायची?"

काका मनापासून हसले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली. "अहो, तुम्हाला हवेत ३४. हा तर नव्वदपर्यंत देतोय! जास्तच मिळतंय की!"

आता हे कुणाला आणि कसं सांगायचं? एलईडीला स्वतःला आवरता येत नाही. व्होल्टेज जरासं वाढलं की करंट भसकन वाढतो. चिप तापते, तापली की तिला कमी व्होल्टेज पुरतं, त्यामुळे ती आणखी करंट ओढते आणि शेवटी जळते. म्हणून ड्रायव्हरनं करंट धरून ठेवायचा आणि व्होल्टेज आपल्या मर्यादेत वरखाली करायचं. १५०० मिलिअँपिअर गुणिले ३४ म्हणजे पन्नासच्या आसपास, आणि ६०० गुणिले ८३ म्हणजेही पन्नासच. पण हा गडी ५४ व्होल्टच्या खाली उतरणारच नाही, तर माझ्या ३४ वाल्या चिपशी त्याचं जमणार कसं?

एवढं सगळं मी खरोखर बोलले. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि काकांना विचारलं, "मिस्टर इंजिनियर आहेत का?"

"जोडून दाखवा," मी म्हटलं.

जोडला. चिप भकन पेटली, विझली. पेटली, विझली.

"लागला की!" काका.

"चालू आहे," दुकानदार.

"अहो, उघडझाप करतोय तो!"

"झाडांना काय फरक पडतो?" काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "झाडांना डोळे कुठे असतात?"

माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघांना हे पटलं. एकानं तर मान डोलावली.

तरी बरं, मी जांभळा दिवा मागितला नव्हता. पानं निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतात म्हणून तसले दिवे निघाले, आणि ते गॅलरीत लागले की सोसायटीत चर्चा सुरू होते. लाल एलईडी १९६२ साली आला, पण झगझगीत निळा यायला आणखी तीस वर्षं लागली. त्या निळ्यासाठी २०१४ साली तिघांना नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळसर फॉस्फर, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणारा लेप, चढवला की पांढरा एलईडी होतो, तो काकांच्याही घरात जळत असणार. एवढं नोबेल माणसाच्या डोक्यावर लटकतंय आणि तो म्हणतो, झाडांना डोळे कुठे असतात!

चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक मागितला तर, "एलईडीला कशाला? तो थंड असतो." हे अर्थात दुकानदारानं आणि काकांनी एकसुरात सांगितलं.

"पण लावताय काय?" काकांनी आवाज खाली आणला. "म्हणजे... दुसरंतिसरं काही नाही ना?"

"कोथिंबीर."

त्यांची घोर निराशा झाली. पण लगेच सावरून त्यांनी दुकानदाराचा कॅल्क्युलेटर ओढला. "पन्नास वॅट, रोज बारा तास. महिन्याला अठरा युनिट. दहानं धरा. एकशे ऐंशी रुपये! आमच्या मंडईत दहाला जुडी. अठरा जुड्या आल्या!" कॅल्क्युलेटर त्यांनी मागच्या दोघांनाही दाखवला.

"भर पावसात विचारा जुडी केवढ्याला," मी म्हटलं. ते कुणी ऐकलं नाही. त्यांनी स्वतः काय घेतलं होतं? बेलचे सेल. मी कधी विचारलं, दार हातानं वाजवता येत नाही का म्हणून?

आणि चीड हिशोबाची नाहीच. कंपनीनं डबीवर करंट आणि व्होल्ट छापलेत, ते वाचणारं गिऱ्हाईक मात्र चक्रम. सगळा बाजार वॅटवर चाललाय. झाडांचे दिवे म्हणून 'हजार वॅट' छापलेली खोकी विकतात, मीटरला लावली की शंभर-सव्वाशे ओढतात, आणि तक्रार घेऊन गेलं की 'मॅडम, लाइटच्या वस्तू परत होत नाहीत'. त्यातून वाचणारी बाई असली तर बोलायचंसुद्धा दुसऱ्याशी.

मला हवा तो ड्रायव्हर शेवटी आत खोकी लावणाऱ्या पोरानं काढून दिला. तो सगळं ऐकत होता. "ताई, हा बघा. पंधराशे, चोवीस ते चाळीस." दुसरं काही न बोलता परत आत गेला. जोडला. चिप लागली ती लागलीच, काकांना डोळ्यांवर हात धरावा लागला.

बिलावर दुकानदारानं लिहिलं, 'ड्रायव्हर ५० वॅट, १ नग'. करंट लिहा म्हटलं तर म्हणाला जागा नाही. मग रक्कम खोडून वीस रुपये कमी केले. मी चमकून पाहिलं.

"काका होते म्हणून," तो म्हणाला.

"असू दे, असू दे," काका मला म्हणाले.