एफसिंक परत मारला की काम झालं?

इंदूरच्या मराठी सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय. विजयनगरच्या ऑफिसांतल्या मंडळींपासून सियागंजातल्या दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत सगळ्यांना तो आलाय. म्हणणं थोडक्यात असं: फाइलमध्ये लिहिणाऱ्या राइट या कॉलने एरर दिली नाही म्हणजे डेटा डिस्कवर गेला, एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर उतरवायला सांगणारा कॉल) फेल झालाच तर लूप लावून परत करा, जर्नलवाली (बदलांची आधी नोंद करून ठेवणारी) फाइलसिस्टिम असेल तर तेवढीही गरज नाही, आणि खरंच काही बिघडलं तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कळवतोच. हेतू नव्या पोरांना धीर देण्याचा असावा. पण त्यातला दुसरा सल्ला कोणी कोडमध्ये घातला असेल तर तो आजच काढावा.

आधी राइटचं बघू. हा कॉल डेटा डिस्कवर नेतच नाही. मेमरीतल्या पेज कॅशमध्ये, म्हणजे पानापानांच्या तात्पुरत्या साठ्यात, टाकतो आणि परत येतो. सेटिंगला हात लावला नसेल तर लिनक्स असं पान साधारण ३० सेकंद जुनं झाल्यावर लिहायला घेतो. तेव्हा डिस्कने नकार दिला तर काय? राइटने तर केव्हाच 'हो' म्हटलेलं असतं. बॅकअपची पट्टी पुरी भरली म्हणून गल्ल्यावरच्या माणसाने लगेच पेनड्राइव्ह उपटला आणि घरी जाऊन फाइल अर्धीच निघाली, असं होतं ते यामुळेच.

आता लूप. मेसेजमधलं हेच वाक्य पटकन पटण्यासारखं आहे, आणि घात तेच करतं. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या लिनक्सवरच्या फाइलसिस्टिमांवर एखादं पान डिस्कवर लिहिताना एरर आली की लिनक्स त्या पानावरची 'लिहायचं बाकी' ही खूण काढून टाकतो. पहिला एफसिंक एरर देतो. दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही बाकीच दिसत नाही, म्हणून तो खुशाल यश कळवतो. लूप संपला, प्रोग्राम खूश, डेटा मात्र डिस्कवर नाही. त्यात आणखी मेख अशी की ते पान मेमरीत असेपर्यंत फाइल वाचली तर नवाच मजकूर दिसतो. पान मेमरीतून गेलं किंवा मशीन रीबूट झालं की जुना मजकूर वर येतो. एवढ्या उशिरा कळल्यावर माणूस आदल्या दिवशीच्या वीज जाण्याला दोष देतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, मात्र 'बफर आय/ओ एरर' आणि शेवटी 'लॉस्ट असिंक पेज राइट' अशी ओळ मुकाट पडलेली असते.

कर्नलवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. पेनड्राइव्ह उपटलेलाच असेल तर ती पानं कधीच लिहिली जाणार नाहीत. ती धरून बसलं तर मेमरी भरत जाईल. कारण पटतं, पण त्याने लूप बरोबर ठरत नाही. पोस्टग्रेससारखा मुरलेला डेटाबेससुद्धा वर्षानुवर्षं एफसिंक परत केला की झालं, असंच धरून चालला होता. २०१८ मध्ये हे उघडकीला आलं आणि फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून एफसिंक फेल झाला की तो सरळ स्वतःला पाडतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो.

जर्नलबद्दल एवढंच की ईएक्सटी४ च्या नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा (फाइलचं नाव, आकार, जागा अशी माहिती) जातो. फाइलसिस्टिमचा सांगाडा शाबूत राहील, तुमच्या बिलातल्या ओळींची हमी त्यात नाही.

आणि कर्नल कळवतोच? विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये लिनक्स २.६ मधल्या फाइलसिस्टिमांचा आणि तीन स्टोरेज ड्रायव्हरांचा कोड तपासला. १,१५३ ठिकाणी, म्हणजे १३ टक्के कॉलमध्ये, एरर कोड वाटेतच गळत होता, आणि वाचण्यापेक्षा लिहिण्याच्या एररकडे जास्त दुर्लक्ष होतं. खालच्या फंक्शनने एरर परत दिली आणि वरच्याने ती व्हेरिएबलमध्ये घेतलीच नाही, की संपलं. अशा कोडची दुरुस्ती कंटाळवाणी असते: काहीच परत न देणारं फंक्शन एरर परत देणारं करायचं, मग त्याला बोलावणारं प्रत्येक ठिकाण धुंडाळायचं. त्यानंतरही वांधे होतेच. एकच फाइल दोन प्रोसेसनी उघडली असेल तर आधी विचारणारा एरर घेऊन जाई आणि दुसरा कोराच राही. २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून फाइल तेव्हा उघडी असलेल्या प्रत्येकाला एरर मिळते, पण एकदाच. ती एक वेळ तुमच्या कोडने कानाआड केली तर कर्नल पुन्हा सांगायला येत नाही.

मग करायचं काय? मजकूर आपल्या मेमरीत आहे तोवर नव्या नावाच्या फाइलमध्ये लिहा, राइटने परत दिलेला बाइटांचा आकडा तपासा, एफसिंक करा, मगच मूळ नावावर रीनेम करा आणि डिरेक्टरीचाही एफसिंक करा. मधे काहीही फेल झालं तर ती फाइल टाकून द्या, जुनीला हात लावू नका आणि वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा. फाइल बंद करणाऱ्या क्लोजचं उत्तरही बघा; नेटवर्कवरच्या डिस्कवर जागा संपल्याची बातमी कधी कधी तिथेच मिळते. लिनक्सवर क्लोज मात्र पुन्हा करू नका, फाइलचा नंबर तोवर सुटलेला असतो आणि दुसऱ्या थ्रेडने घेतलेला असू शकतो.

खात्री करून घ्यायची तर लिनक्सवर डेव्ह-फुल (/dev/full) नावाचं डिव्हाइस आहे. त्यावर काहीही लिहा, जागा नाही असंच उत्तर येतं. सी मधला आपला नेहमीचा हॅलो वर्ल्ड त्याच्याकडे वळवा आणि प्रोग्रामचा एक्झिट कोड बघा. शून्य येतो. एक अक्षर कुठे लिहिलं गेलं नाही, तरी शून्य. मग आपलं बिलिंग सॉफ्टवेअर तिकडे वळवून बघा, 'बिल सेव्ह झालं' म्हणतंय का ते.