'दहा वर्षांत एक कायदा नाही' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

ऊस उत्पादकांच्या आंदोलनाचे नेते आणि हातकणंगलेचे माजी खासदार राजू शेट्टी यांच्या लोकसभेतल्या दहा वर्षांवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्यावर आपण 'एक मतदार' या नावाने प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी ती इथे उतरवतो: "ज्यांना सभागृहात काही जमत नाही ते रस्त्यावर टायर पेटवतात. दहा वर्षांत एक कायदा नाही. 2014 ला कुणाबरोबर होते आणि 2019 ला कुणाबरोबर, हे तुम्ही सोयीने विसरलात. तारखासुद्धा चुकीच्या. भावनेवर लिहिण्यापेक्षा आधी अभ्यास करा."

तारखेचं आधी बघू, कारण तिथे आपण बरोबर आहात. शेट्टी 2018 मध्ये केंद्रातल्या आघाडीतून बाहेर पडले असं मी लिहिलं होतं. ते बाहेर पडले ऑगस्ट 2017 मध्ये. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे, आभार. पण एक तारीख चुकली तर 'तारखासुद्धा चुकीच्या' असं अनेकवचन कुठून आलं? मी लेख पुन्हा दोनदा वाचला. दुसरी चूक सापडली नाही. तुम्हाला सापडली असेल तर ओळ दाखवा.

आणि 'अभ्यास करा'. हे लागलं, लपवत नाही. मी वाळवा तालुक्यातला आहे. सव्वीस वर्षं विकास सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, गटसचिव म्हणून काम केलं. पीककर्जाची प्रकरणं, कारखान्याकडून होणारी वसुली, जून अखेरीला कट्ट्यावर येऊन 'अण्णा, बिल निघालं की भरतो' म्हणणारी माणसं, हे माझं रोजचं काम होतं. उसाचा पैसा वेळेवर आला नाही की सोसायटीच्या खात्यावर काय होतं, ते मी माझ्या हाताने खतावणीत लिहिलं आहे. आपला अभ्यास कुठला, ते आपण लिहिलं नाही. नावही लिहिलं नाही. नाव लपवून दुसऱ्याला अभ्यास करायला सांगायची ही पद्धत मला पटत नाही. वयाने मोठ्या माणसाशी बोलायची ही रीत आमच्याकडे नाही.

आता मुद्दा. 'दहा वर्षांत एक कायदा नाही.'

लोकसभेत मंत्री नसलेल्या सदस्याच्या कामकाजासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात. त्यातच सगळ्यांची खासगी विधेयकं आणि ठराव. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं 1970 साली. म्हणजे गेल्या पन्नासहून जास्त वर्षांत एकाही खासगी सदस्याच्या विधेयकाचा कायदा झालेला नाही. काँग्रेसच्या नाही, भाजपच्या नाही, डाव्यांच्याही नाही. 2015 मध्ये द्रमुकचे तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं, तेवढीच मोठी बातमी झाली. पण तेही लोकसभेतून पार पडलं नाही. सरकारने पुढे स्वतःचं वेगळं विधेयक आणलं. तुमची फूटपट्टी लावायची तर गेल्या पाच दशकांतले सगळेच बिनमंत्री खासदार नापास. मग एकट्या शेट्टींचं नाव घेऊन 'जमत नाही' का म्हणता?

त्यात हा माणूस 2009 मध्ये आणि 2014 मध्ये आपल्या पक्षाचा एकटा निवडून गेलेला. सभागृहात बोलायची वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटतात. मोठ्या पक्षाचा वक्ता प्रस्तावना संपवतो तेवढ्यात एकट्या सदस्याची घंटी वाजते. तरी त्यांनी ऑगस्ट 2018 मध्ये लोकसभेत दोन विधेयकं मांडली. एक शेतकऱ्याला कर्जातून मोकळं करण्याचं, दुसरं हमीभावाला कायद्याचा हक्क देण्याचं. मंजूर झाली नाहीत, मान्य. पण दोनच वर्षांनी दिल्लीच्या सीमेवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी थंडीत बसले, तेव्हा केंद्राचे तीन कृषी कायदे मागे घ्या याच्या बरोबरीने त्यांची मागणी काय होती? हमीभावाचा कायदा. डिसेंबर 2024 मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीनेही तीच शिफारस केली. शिरोळच्या या माणसाने, शेट्टींनी, जे कागदावर मांडलं होतं, त्याकडे देश फिरून आला. याला 'काही जमलं नाही' म्हणायचं का?

सरकारवर त्यांनी केलेल्या टीकेबद्दलही दोन शब्द, कारण ती टीका म्हणजे नुसता गोंगाट असं तुमच्या वाक्यातून निघतं. 2014 च्या जाहीरनाम्यात भाजपने उत्पादन खर्चावर 50 टक्के नफ्याचं आश्वासन दिलं. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की असा भाव दिला तर बाजार बिघडेल. 2018 च्या अर्थसंकल्पात सांगितलं की दीडपट भाव देतोय. पण तो दीडपट कशावर? हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी यांवर. स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज त्यात धरलेलं नाही. आमच्या कृष्णाकाठी एकराचा खंड काय चालतो ते गावात कुणालाही विचारा. तो वगळून काढलेला खर्च म्हणजे अर्धवट खर्च. हा फरक लोकांना समजेल अशा भाषेत गावोगावी सांगणं हे खासदाराचं काम नाही तर कुणाचं?

उसाचंच घ्या, कारण तिथे मला कुणाकडून शिकायची गरज नाही. 2017-18 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, होती क्विंटलला 255 रुपये. पायाभूत उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं ज्यावर हा दर धरतात ते प्रमाण, 9.5 टक्के. 2018-19 साठी केंद्राने 275 जाहीर केली. पेपरात मथळे आले, टनाला दोनशे रुपयांची वाढ. पण त्याच निर्णयात पायाभूत उतारा 9.5 वरून 10 टक्के केला. आता आमच्याकडचा 12 टक्के उतारा धरा. जुन्या हिशेबाने 9.5 च्या वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 2.68 रुपये जादा, म्हणजे क्विंटलला 322, टनाला 3220. नव्या हिशेबाने 10 च्या वर प्रत्येक 0.1 ला 2.75 रुपये, म्हणजे क्विंटलला 330, टनाला 3300. वाढ किती झाली? टनाला 80 रुपये. आणि यातूनच पुढे तोडणी-वाहतूक वजा होणार. दोनशे सांगायचे आणि ऐंशी द्यायचे. हा हिशेब मी त्या वेळी सोसायटीच्या कट्ट्यावर पाटीवर खडूने मांडून दाखवला होता. दहावी नापास माणसाला दोन मिनिटांत कळला. तुम्हालाही कळेल.

आता टायर. तुमचं पहिलं वाक्य वाचून मला वडील आठवले.

आमचा दीड एकर ऊस. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऊस तुटला जानेवारीत. तोडणीच्या टोळीला खुशाली दिली, गाडीवाल्याला एंट्री दिली, म्हणजे दोघांना वरचे पैसे दिले, तेव्हा कुठे फडाला कोयता लागला. वडील गाडीमागून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत चालत गेले. वजनाची पावती घेतली, ती चार वेळा उलटसुलट करून वाचली, आणि टोपीच्या घडीत ठेवली. वाचता फारसं येत नव्हतं त्यांना, आकडे तेवढे कळायचे. पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, मिळाली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये. मधे जून गेला, सोसायटीचं कर्ज थकलं, वडिलांचं नाव थकबाकीदारांच्या यादीत फळ्यावर लागलं. ती यादी लिहिणारा सचिव माझ्याआधीचा होता, भला माणूस, त्याने वडिलांचं नाव सगळ्यात खाली लिहिलं. बहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात ठरलं होतं. ते पुढच्या वर्षावर गेलं.

कायदा तेव्हाही होता. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा आहे. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला 15 टक्के दराने व्याज. छापील आहे, कुणीही वाचावं. त्या व्याजाचा एक रुपया माझ्या वडिलांना मिळाला नाही. मागायचा असतो हेही कुणी सांगितलं नाही. कारखान्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्यात आता अर्थ नाही आणि एकट्या त्याचा तो दोषही नव्हता.

म्हणून तुम्ही 'एक कायदा नाही' म्हणता तेव्हा माझ्या पोटात कालवतं. कायद्याची उणीव नव्हतीच हो! कायदा कपाटात होता. तो कपाटातून काढून काट्यावर आणायला माणसं लागली, ऊस परिषदा लागल्या, अडवलेल्या गाड्या लागल्या. पहिली उचल जाहीर झाल्याशिवाय धुराडं पेटू देणार नाही, असं सांगणारं कुणीतरी लागलं. माझ्याच नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सभासद येऊन विचारायला लागले, 'अण्णा, चौदा दिवस झाले, बिल कुठाय?' चौदा हा आकडा माझ्या वडिलांच्या पिढीला माहीत नव्हता. तो सभांमधून आला, आणि सभांइतकाच त्या टायरमुळे आला. टायर पेटवणं मला आवडतं असं नाही. एकदा पेठ नाक्यावर रात्रभर एसटीत अडकून पडलो होतो. बरोबर आजारी माणूस होतं. त्या रात्री मीही शिव्या घातल्या. पण सभागृहात जमत नाही म्हणून रस्ता, हे तुमचं समीकरण चूक आहे. रस्त्यावर नाव झालं म्हणून हा माणूस सभागृहात गेला. इस्लामपूर आणि शिराळ्याच्या मतदारांनी दोनदा पाठवला, शिरोळ-इचलकरंजीकडच्यांनी पाठवला.

2014 आणि 2019 चं विचारता. होय, 2014 ला मोदींबरोबर होते, 2019 ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, विसरायचा प्रश्न कुठे येतो? ज्या साखरसम्राटांशी जन्मभर भांडले त्यांच्याच पंगतीला बसले, याचं लोकांना वाईट वाटलं. 2019 ला हातकणंगलेत पडले, 2024 ला पुन्हा पडले. मतदारांनी हिशेब केला, तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. एवढंच सांगतो की दोन्ही आघाड्यांतून ते स्वतः बाहेर पडले. फेब्रुवारी 2022 मध्ये महाविकास आघाडी सरकारने एफआरपीचे दोन तुकडे करून ती दोन हप्त्यांत द्यायचा आदेश काढला. तेव्हा ते त्याच आघाडीचे मित्र होते. एप्रिलमध्ये नातं तोडलं. त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तेव्हा ते ना खासदार होते ना आमदार. यापुढे या मुद्द्यावर मला लिहायचं नाही.

व्यक्तिपूजेचा शब्द आपण वापरला नाहीत, पण दुसऱ्या एका वाचकाने तुमच्या प्रतिक्रियेखाली वापरला आणि तुम्ही त्याला लाईक दिलंत. माझ्या घरात कुणाचा फोटो नाही. वडिलांचा आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, तिथेच राहील. परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त नाव घालून लिहा, आणि 2018-19 चा तो हिशेब खोटा असेल तर आकडा मांडून दाखवा. वडिलांची ती काट्याची पावती माझ्याकडे अजून आहे. घडी जिथे पडायची तिथे फाटली आहे, वजन मात्र वाचता येतं. कधी आष्ट्याकडे आलात तर घरी या, दाखवतो.