काका, बटण दाबल्यावर काय होतं ते बघायला हवं

काका, कमेंट तळमळीने लिहिलीय तुम्ही, म्हणून उत्तर जरा लांबणारे. तुमचं म्हणणं असं की म्युझियममध्ये टचस्क्रीन लावली की पोरं तिच्यावर बोटं मारत बसतात, शेजारच्या काचेतल्या दगडाकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि स्क्रीन एकदा बंद पडली की पडलीच. बंद पडण्याबद्दल वाद नाही, पुठ्ठा चिकटवलेल्या स्क्रीन मीही बघितल्यात. आणि ते 'हा दगड ओळखा' छाप क्विझ तर माझ्याही डोक्यात जातं, चार पर्याय, पोरगं चारही दाबतं, टाळ्या वाजतात, चला पुढे.

पण दगड काचेत ठेवला की झालं, तो आपोआप समजतो, हे काही पटत नाही. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, घ्या ना. वरून बघून काय कळणार, रस्त्यावरची खडी ती हीच. त्याचाच ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काचपट्टीवर चिकटवून दोन पोलरायझरच्या (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणाऱ्या चकत्यांच्या) मधे धरला की मायक्रोस्कोपखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या दिसतात, त्यांच्यामधे ऑजाइट हे दुसरं खनिज पिवळं, निळं, गुलाबी, आणि काप गोल फिरवत राहिलं की यातला एकेक कण काळा होतो, परत उजळतो, परत काळा. हे स्वतः फिरवूनच बघायचं असतं, भिंतीवर फोटो लावून उपयोग नाही. आता शाळेची अख्खी सहल आली तर मायक्रोस्कोप किती मांडणार? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या व्हर्च्युअल मायक्रोस्कोपमध्ये हाच काप माउसने फिरवता येतो, अपोलोवाल्यांनी चंद्रावरून आणलेल्या खडकांचे कापसुद्धा आहेत त्यात. ते काय नासा आपल्या हातात देणारे का!

दुसरं म्हणजे काळ. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये झिओलाइट, म्हणजे कातळाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक, बघून माणूस हरखतो, फोटो काढतो, पण हे कातळाच्या पोटात आलं कुठून? साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, मग गरम पाणी खडकातलं सिलिका, कॅल्शियम वगैरे विरघळवत त्यांच्यात झिरपलं आणि स्फटिक वाढत गेले, कुठे स्टिल्बाइट, कुठे हिरवट अपोफिलाइट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत तर निळंशार कॅव्हन्साइट. स्क्रीनवर बोटाने पट्टी सरकवली की पोकळी भरत जाते, अर्ध्या मिनिटात समजतं. पाटीवर हेच दोन परिच्छेद लिहा, कोण वाचतंय बघू.

तुमचं एक मात्र शंभर टक्के मान्य. वजन स्क्रीनवर येत नाही. गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, पाण्याच्या साडेसातपट जड, क्वार्ट्झ (गारगोटी) जेमतेम २.६५ पट, सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत दिले की तिथे सॉफ्टवेअरचं काही कामच नाही. कॅल्साइट या पारदर्शक खनिजाखाली अक्षरं दोन-दोन दिसतात तेही तसंच, खरा तुकडा छापील कागदावर ठेवा, झालं.

आणि बटण लावायचंच तर अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या दगडांसारखं. दिव्यात बघाल तर अगदी सामान्य दगड, अंधार करून शॉर्टवेव्ह अल्ट्राव्हायोलेट लावला की त्यातलं विलेमाइट हे खनिज हिरवंगार पेटतं आणि कॅल्साइट लालभडक. याचा व्हिडिओ दाखवणाऱ्याला मीही तुमच्याइतक्याच शिव्या घालीन. खरा दगड, खरा दिवा, दोन्ही आत आणि पोरांच्या मधे साधी काच (ती हवीच, ते किरण डोळ्यांना वाईट, आणि साधी काच ते अडवते), आणि बटण पोरांच्या उंचीवर. बिघडलं तर ट्यूब बदला, त्याला पुण्याहून इंजिनिअर बोलवावा लागत नाही.